मोठ्या आतड्यातली दुर्मिळ साधी गाठ: ओळखायची कशी, काढायची कशी

मोठ्या आतड्यात गाठ दिसली की पहिली शंका कॅन्सरची घ्यायची, हा नियम बरोबर आहे आणि तो मोडा असं मी कुणालाही सांगणार नाही. पन्नाशीपुढचं माणूस, वजन उतरलेलं, हिमोग्लोबिन घसरलेलं, शौचाची सवय बदललेली असेल तर एक आठवडाही वाया घालवू नये. पण याच आतड्यात काही गाठी अशाही होतात ज्या पसरत नाहीत, लिव्हरमध्ये जात नाहीत, लिम्फ नोडमध्ये शिरत नाहीत. चरबीची गाठ, स्नायूची गाठ, नसेच्या आवरणाची गाठ, रक्तवाहिन्यांचा गुंता. संख्येने कमी, म्हणून डोळ्याला सवय नसलेल्या.

नाशिकमध्ये पोटाच्या शस्त्रक्रिया करताना असे रुग्ण माझ्याकडे दोन वाटांनी येतात. कुणाला वर्षानुवर्षं गॅस आणि मूळव्याधीची औषधं चाललेली असतात, तर कुणाला कॅन्सर धरून निम्मं आतडं काढायची तारीखही मिळालेली असते. दोन्ही टाळायचं तर एक प्रश्न आधी सोडवावा लागतो: ही गाठ आतड्याच्या भिंतीच्या कोणत्या थरातून निघाली आहे? ते कळेपर्यंत बायोप्सीचा, म्हणजे तपासणीसाठी तुकडा घेण्याचा, चिमटा थांबवा आणि चाकू तर थांबवाच. हे मी जिल्ह्यातल्या फॅमिली डॉक्टरांसाठी आणि नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्या सर्जनसाठी लिहिते आहे. रिपोर्टची फाइल मांडीवर घेऊन बसलेल्या मुलाला किंवा सुनेलाही ते कळावं, असा प्रयत्न आहे.

भिंत आणि तिचे थर

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. हवा भरून फुगवलं की त्याची भिंत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर उरते, आणि उजव्या बाजूच्या सीकममध्ये, म्हणजे जिथे मोठं आतडं सुरू होतं तिथे, त्याहूनही पातळ. एवढ्याशा जाडीत चार थर आहेत. सगळ्यात आत अस्तर म्हणजे म्युकोसा, त्याखाली सैलसर सबम्युकोसा, मग स्नायूंचा थर आणि बाहेरून सिरोसा. अस्तराच्या तळाशी स्नायूची एक बारीक पट्टीही असते, मस्क्युलॅरिस म्युकोसी. तिचं काम पुढे पडणार आहे.

नेहमीचा पॉलिप आणि नेहमीचा कॅन्सर अस्तरातून उगवतो, म्हणून बायोप्सीच्या चिमट्याने तुकडा घेतला की उत्तर मिळतं. आपल्या या गाठी बहुतेक अस्तराच्या खाली असतात. चिमट्यात येतं ते त्यांच्यावरचं धडधाकट अस्तर, आणि रिपोर्ट येतो ‘नॉर्मल म्युकोसा’ किंवा ‘नॉनस्पेसिफिक कोलायटिस’, म्हणजे आतड्याची साधी सूज. घरचे देवाला नारळ फोडतात. डॉक्टर गोंधळून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तुकडे घेतात. पण त्या रिपोर्टचा अर्थ इतकाच की चिमटा गाठीपर्यंत पोहोचला नाही. गाठ काय आहे, हे त्याने सांगितलेलंच नाही.

तक्रार ऐकताना कान कुठे ठेवायचा

लहान गाठी काहीच त्रास देत नाहीत. भलत्याच कारणाने केलेल्या कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, किंवा सीटी स्कॅनमध्ये त्या सापडतात. त्रास साधारण दोन सेंटिमीटरच्या पुढे सुरू होतो, चारच्या पुढे तर बहुतेकांना होतो.

निफाड तालुक्यातल्या एका बाई मला आठवतात. साठीच्या आसपास, द्राक्षाची बाग, कामाला वाघ. त्यांचं सांगणं असं होतं: “उजव्या कुशीत गोळा येतो बघा. हाताला लागतो. मग पोटात गुडगुड होते, अन् गोळा जातो.” दोन वर्षांत त्यांच्या तीन सोनोग्राफी झाल्या होत्या, तिन्ही नॉर्मल. कारण सोनोग्राफी व्हायची ती गोळा गेल्यावर.

येणारा-जाणारा गोळा म्हणजे आतड्यात आतडं शिरण्याचा प्रकार असू शकतो, ज्याला आपण इंट्यूसेप्शन म्हणतो. लहान मुलांत तो बहुतेकदा आपोआप, काही कारण न सापडता होतो. मोठ्यांत तो दुर्मिळ, सगळ्या इंट्यूसेप्शनपैकी जेमतेम पाच टक्के. पण मोठ्यांत झाला तर दहापैकी नऊ वेळा पुढे काहीतरी ओढणारं असतं. आतडं अन्न पुढे ढकलताना गाठीलाही ढकलतं आणि गाठ आपल्यामागची भिंत सोबत ओढून नेते. मोठ्या आतड्यात हे ओढणारं काहीतरी निम्म्याहून अधिक वेळा कॅन्सर असतो. साध्या गाठींत पहिला नंबर लायपोमाचा, म्हणजे चरबीच्या गाठीचा.

म्हणून फॅमिली डॉक्टरांना माझी विनंती अशी: अशा रुग्णाला “दुखायला लागलं की लगेच या” असं सांगा, आणि आला की त्याच तासाला सोनोग्राफीला पाठवा. रेडिऑलॉजिस्टला चिठ्ठीवर लिहा, ‘इंट्यूसेप्शन आहे का पाहावे’. आत-बाहेर अशी वर्तुळं, निशाणीच्या लक्ष्यासारखी, दिसली की शंका पक्की होते. त्या बाईंचं निदान असंच दुखत असतानाच्या स्कॅनमध्ये झालं.

दुसरं ऐकायचं ते रक्ताबद्दल. विशी-बाविशीतला मुलगा, लहानपणापासून शौचावाटे रक्त पडतंय, दुखत काहीच नाही, चेहरा पांढराफटक. मूळव्याध म्हणून मलम लावलेलं, कोंब बांधलेले, कुठे इंजेक्शनही दिलेलं, तरी रक्त थांबत नाही. अशा मुलाच्या गुदाशयात कॅव्हर्नस हिमँजिओमा असू शकतो, म्हणजे फुगलेल्या रक्तवाहिन्यांचा पसारा. सहाव्या-सातव्या वर्षी खरी मूळव्याध फारशी कुणाला होत नाही. “कधीपासून?” हा एक प्रश्न नीट विचारला तरी निम्मं काम होतं.

तपासायच्या खोलीत सगळ्यांचीच गुदद्वारातून बोटाने तपासणी करा. हातमोजा आणि जेली यापलीकडे काही लागत नाही, तरी ही तपासणी राहून जाते. रक्ताची साधी तपासणी आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची चाचणी, करा. कॅन्सरची खूण म्हणून रक्तात बघतात त्या सीईए या चाचणीवर मात्र भिस्त ठेवू नका. ती नॉर्मल आली म्हणून गाठ साधी ठरत नाही, थोडी वाढली म्हणून कॅन्सर ठरत नाही. तंबाखू ओढणाऱ्यांत ती तशीही थोडी वाढलेली असते.

कोणती तपासणी आधी

गोळा, कळा, उलट्या, पोट फुगणं असेल तर आधी काँट्रास्ट देऊन सीटी स्कॅन. नुसतं रक्त जात असेल तर आधी कोलोनोस्कोपी. तरुण रुग्ण आणि लहानपणापासून रक्त असेल तर एक्स-रे आणि एमआरआय हाताशी असल्याशिवाय कुणी चिमटा उघडू नये.

सीटीचा नुसता छापील रिपोर्ट वाचून थांबू नका. सीडी घ्या, रेडिऑलॉजिस्टच्या शेजारी बसा आणि गाठीवर कर्सर ठेवायला सांगा. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा उमटतो, हाऊन्सफील्ड युनिटमध्ये. पाणी म्हणजे शून्य, स्नायू साधारण चाळीस ते साठ. गाठीचा आकडा उणे चाळीस ते उणे एकशेवीसच्या दरम्यान आला, आणि गाठभर तसाच राहिला, की ती चरबी. निफाडच्या बाईंच्या गाठीवर कर्सर नेला तेव्हा उणे नव्वदच्या आसपास आकडा आला आणि खोलीतला ताण तिथेच निवळला. पण गाठ आतड्यात अडकून सुजली असेल तर आकडा वर सरकतो. म्हणून गाठीवरच्या अस्तराला पडलेला चट्टा म्हणजे जखम, भिंतीची जाडी आणि आजूबाजूचे नोडही बघायचे.

हिमँजिओमामध्ये साध्या एक्स-रेत ओटीपोटात बारीक गोल पांढरे ठिपके दिसू शकतात. त्यांना फ्लेबोलिथ म्हणतात, म्हणजे शिरांत जमून कडक झालेल्या गुठळ्या. वयस्कर माणसात ते सहज सापडतात. विशीतल्या मुलाच्या गुदाशयाभोवती त्यांचा पुंजका दिसला तर त्याला महत्त्व आहे. पसारा कुठून कुठपर्यंत आहे, हे एमआरआय सांगतो.

कोलोनोस्कोपीची तयारी

तपासणी बिघडते ती बहुतेकदा तयारीत. दोन-तीन दिवस आधीपासून बिया आणि चोथा बंद: पेरू, डाळिंब, द्राक्षं, टोमॅटो, वांगं, भेंडी, तीळ, पालेभाज्या. पेठ-सुरगाण्याकडच्या लोकांना नागलीची भाकरी आणि भगरही बंद करायला आवर्जून सांगा, कारण ‘हलकं खा’ म्हटलं की ते तेच खातात. मऊ भात, वरणाचं पाणी, ताक, नारळपाणी चालेल. कोकम सरबत आणि बीट नको, आत लाल दिसलं की रक्त कुठलं आणि सरबत कुठलं ते कळत नाही. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवा, नाहीतर काळा चिकट थर सगळीकडे पसरलेला असतो.

पोट साफ करायची पावडर दोन हप्त्यांत द्या, निम्मी आदल्या संध्याकाळी आणि निम्मी पहाटे. आता सुरगाण्याहून पहाटे एसटीने निघणाऱ्या माणसाने ही पहाटेची पावडर प्यायची कुठे आणि जायचं कुठे? त्याला आदल्या दिवशीच नाशिकला बोलवा. पंचवटीत किंवा सिडकोत कुणी नातेवाईक असतोच. नसेल तर रात्री भरती करून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. रुग्णाने आपल्या मनाने बंद करू नये. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या उपाशीपोटी घातक ठरू शकतात. त्या साधारण तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात, तेही डॉक्टरांनी सांगून.

एक इशारा: आतडं पूर्ण अडलेलं असेल, पोट फुगलेलं असेल, तर ही पावडर देऊ नका.

दुर्बिणीखाली गाठीशी कसं बोलायचं

गाठ समोर आली की आधी नुसतं बघा. रंग कोणता? पिवळसर असेल तर चरबी, ग्रॅन्युलर सेल ट्यूमर (दाणेदार पेशींची गाठ) किंवा न्यूरोएंडोक्राइन गाठ (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची). निळसर-जांभळा असेल तर रक्तवाहिन्या. पारदर्शक, पाणी भरल्यासारखी असेल तर लिम्फँजिओमा, म्हणजे लिम्फच्या वाहिन्यांची गाठ. वरचं अस्तर शाबूत आहे की फाटलंय?

मग चिमटा बंद ठेवूनच गाठीवर हळूच टेकवा आणि दाबा. चरबीची गाठ दबते, खळगा पडतो, चिमटा मागे घेतला की पुन्हा भरून येते. याला उशीचं लक्षण म्हणतात. आता वरचं अस्तर चिमट्याने किंचित उचला. ते तंबूसारखं वर उठतं आणि गाठ खालीच राहते. ही दोन लक्षणं स्पष्ट असतील, गाठ उजव्या बाजूला असेल आणि सीटीवर चरबीचा आकडा असेल, तर बायोप्सीची गरज नाही. एकाच जागी पुन्हा पुन्हा तुकडे घेत गेलं की आतली पिवळी चरबी बाहेर डोकावते, तेही एक ओळखीचं लक्षण आहे. पण निदान आधीच झालं असेल तर त्यासाठी खणत बसू नये.

गाठ दबत नाही, कडक लागते, चिमट्याने ढकलल्यावर अख्खीच सरकते, तर ती स्नायूची, नसेची किंवा आणखी कशाची तरी. तिथे एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड हवा, म्हणजे दुर्बिणीबरोबर आत नेलेल्या प्रोबने केलेली सोनोग्राफी. त्यात भिंत उजळ-काळ्या पाच पट्ट्यांत दिसते. तिसरी उजळ पट्टी म्हणजे सबम्युकोसा. तिथली एकसारखी उजळ गाठ म्हणजे लायपोमा, तिथलीच काळी, पाण्याने भरलेली आणि आत पातळ पडदे असलेली म्हणजे लिम्फँजिओमा. चौथी काळी पट्टी स्नायूची. तिच्यातून निघालेली काळसर गाठ लायोमायोमा (स्नायूची), श्वानोमा (नसेच्या आवरणाची) किंवा जिस्ट (भिंतीतली, पुढे पसरू शकणारी) असू शकते आणि नुसतं बघून या तिघांत फरक करता येत नाही. उजव्या बाजूपर्यंत हा प्रोब नेणं अवघड असतं, सगळीकडे सोयही नसते. तिथे सीटी आणि दुर्बिणीतली लक्षणं यांवरच निर्णय घ्यावा लागतो.

निळसर, मऊ, फुगीर, दाबल्यावर चपटी होणारी गाठ दिसली तर तुकडा घ्यायचाच नाही. हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येक नव्या मुला-मुलीला सांगते, आणि इथेही ठळक सांगते. हिमँजिओमाची बायोप्सी घेतली की रक्तस्राव आवरता आवरत नाही.

ज्या गाठीसाठी ऑपरेशन लागेल असं वाटतं, तिच्याजवळ शाई टोचून खूण करून ठेवा. गाठीच्या खालच्या म्हणजे गुदद्वाराकडच्या बाजूला, परिघावर तीन ठिकाणी. पोटात दुर्बीण घालून बाहेरून बघताना दोन सेंटिमीटरची मऊ गाठ दिसत नाही, आणि हाताने चाचपायचीही सोय नसते. रिपोर्टमध्ये ‘शाई गाठीच्या खाली’ हे शब्द लिहा. ते नसतील तर सर्जनने कापायचं कुठून?

वेष बदललेले

आपल्याकडे उजव्या कुशीतल्या गाठीत क्षयरोग नेहमी मनात ठेवायचा. लहान-मोठ्या आतड्याच्या जोडावर टीबीची गाठ हुबेहूब ट्यूमरसारखी दिसते. तिथे अस्तर खराब असतं, म्हणून तिथे भरपूर तुकडे घ्या, आणि काही तुकडे फॉर्मलिनमध्ये न टाकता सलाईनमध्ये जीनएक्स्पर्ट (टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी) व कल्चर (जंतू वाढवून बघणं) यांसाठी पाठवा. सगळेच फॉर्मलिनमध्ये गेले तर कल्चरचा मार्ग बंद. आवेच्या जंतूंमुळे होणारा अमीबोमाही अशीच गाठ करतो आणि औषधाने विरघळतो. तरुण बाईच्या डाव्या बाजूच्या गाठीचं दुखणं पाळीच्या दिवसांत वाढत असेल तर एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर भलत्या जागी वाढण्याची, शक्यता तपासा.

अपेंडिक्सचा म्युकोसील, म्हणजे चिकट पदार्थाने फुगलेलं अपेंडिक्स, हा यातला सगळ्यात नाजूक. सीकममध्ये अपेंडिक्सच्या तोंडाशी गुळगुळीत फुगवटा, सीटीवर पाण्यासारखी लांबट पिशवी आणि कधी तिच्या भिंतीत कॅल्शियम. त्यात सुई घालू नका, ती फुटू देऊ नका. आतला चिकट पदार्थ पोटात सांडला तर तो पोटभर पसरत राहू शकतो आणि पुढची लढाई फार अवघड होते.

गुदाशयात लहान, पिवळट, कडक गाठ दिसली तर नेहमीचा पॉलिप समजून तारेच्या फासात धरून कापू नका. न्यूरोएंडोक्राइन गाठ अशीच दिसते, ती साधी धरता येत नाही, आणि अर्धवट निघाली की मागची जागा शोधत बसावं लागतं.

काढायची की ठेवायची

लायपोमा दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, त्रास नाही, निदान पक्कं: हात लावू नका. तो कॅन्सरमध्ये बदलत नाही. रुग्णाला हे स्पष्ट, कागदावर लिहून द्या, नाहीतर दर सहा महिन्यांनी कुणीतरी नवीन स्कॅन सांगतं.

त्रास देणारी, रक्त जाणारी, आतड्यात आतडं ओढणारी किंवा जिचं निदान पक्कं होत नाही अशी गाठ काढायची. इथे हंगामाचा प्रश्न हमखास निघतो. “डॉक्टर, एवढा खुडा उरकू द्या,” किंवा “ऑक्टोबर छाटणी झाली की येतो.” त्रास न देणारी, ओळखलेली गाठ असेल तर मी खुशाल थांबा म्हणते. गोळा येत-जात असेल तर थांबू देत नाही. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत ठरलेलं ऑपरेशन जिवावरचं होतं. अशा वेळी मुलाला, भावाला समोर बसवून बागेचं काम कोण बघणार हेसुद्धा तिथेच ठरवून घ्यावं लागतं. ते ठरलं की होकार येतो.

देठ असलेला लायपोमा कोलोनोस्कोपीतून काढता येतो. पण चरबीतून वीज नीट वाहत नाही. फास आवळून करंट दिला की कापायला वेळ लागतो, तोवर उष्णता खाली भिंतीत उतरते आणि भोक पडण्याचा धोका वाढतो. म्हणून देठाला आधी प्लास्टिकची फासगाठ बसवतात. कधी नुसती फासगाठ बसवून गाठ तशीच सोडतात, काही दिवसांत ती सुकून गळते. मोठ्या, पसरट गाठीला हा खटाटोप अनुभवी हातांनीच करावा. अस्तराच्या बारीक स्नायूपट्टीतून, म्हणजे मघाच्या मस्क्युलॅरिस म्युकोसीतून निघालेला छोटा लायोमायोमा बहुतेकदा गुदाशयात किंवा त्याच्या लगेच वरच्या सिग्मॉइडमध्ये सापडतो. तो फासाने सहज निघतो आणि तेवढंच पुरतं. खोल स्नायूतून निघालेल्याला मात्र तो नियम लावायचा नाही.

ऑपरेशन

पहिला निर्णय पोट उघडण्याआधी घ्यायचा: ही गाठ साधी आहे याची मला खात्री आहे का? खात्री असेल तर कमीत कमी आतडं काढायचं. थोडी जरी शंका असेल तर कॅन्सरच्या नियमाने काढायचं, म्हणजे रक्तवाहिनी मुळाशी बांधून, नोडसकट. मधला मार्ग शोधू नका.

खात्रीच्या लायपोमाला आतड्यावर लांबीच्या दिशेने, स्नायूच्या पट्टीवर छेद द्या, गाठ देठासह सोडवा आणि छेद आडवा शिवा. आडवा शिवल्याने आतडं अरुंद होत नाही. गाठ खूप मोठी असेल, वरचं अस्तर फाटलेलं असेल, भिंत सुजलेली असेल, तर तेवढा भाग काढून जोड देणं जास्त सुरक्षित.

इंट्यूसेप्शन असेल तर आत शिरलेलं आतडं ओढून सोडवायचं का, यावर सर्जनमध्ये मतभेद आहेत. माझं मत असं: निदान पक्कं नसेल किंवा आतडं काळवंडलं असेल तर ओढू नका, आहे तसं काढा. सीटीने चरबी दाखवलीय आणि आतडं जिवंत आहे, तर हलक्या हाताने मागून पिळत सोडवा. पुढून ओढू नका. बरंच आतडं वाचतं.

निफाडच्या बाईंची गाठ पाच सेंटिमीटरच्या पुढची होती, टोकाला खोल चट्टा, आणि आधीच्या तुकड्यांत नुसती सूज. चट्ट्यामुळे मला पूर्ण खात्री देता येत नव्हती. लॅप्रोस्कोपीने, म्हणजे पोटात दुर्बीण घालून, उजवं कोलन (मोठं आतडं) सोडवलं. बाहेरची घडी मोकळी करताना मागे ड्युओडेनम (लहान आतड्याची सुरुवात) आणि मूत्रनलिका डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे कितीही वेळा केलं तरी तसंच. बेंबीशेजारच्या छोट्या छेदातून आतडं बाहेर घेतलं, कापलं, जोड दिला. मग बाजूच्या टेबलावर काढलेलं आतडं उघडलं. चट्ट्याखाली पाते फिरवलं आणि आरपार पिवळी, तुकतुकीत, एकसारखी चरबी. कुठे पांढरा कडक धागा नाही. तुकडा गोठवून लगेच केलेल्या तपासणीने, म्हणजे फ्रोझन सेक्शननेही, तेच सांगितलं. मी बाहेर येऊन त्यांच्या मुलाला ट्रेमधली गाठ दाखवली. आकडे आणि शब्द ऐकून जे पटत नाही, ते डोळ्यांनी बघून पटतं.

हिमँजिओमाचं ऑपरेशन वेगळ्याच तोडीचं. आधी प्लेटलेट आणि फिब्रिनोजेन बघा, कारण रक्तवाहिन्यांच्या त्या पसाऱ्यात गुठळ्या होण्यात ते खर्च झालेले असू शकतात. रक्ताच्या पिशव्या जुळवून तयार ठेवा. आजारी गुदाशय काढून, खालच्या टोकाचं अस्तर खरवडून, निरोगी कोलन स्नायूच्या नळीतून खाली आणून गुदद्वाराशी जोडतात. ही पद्धत १९७६ साली लंडनच्या सर्जननी मांडली, आणि तिच्यामुळे गुदद्वाराचा स्नायू वाचतो. जोड भरेपर्यंत काही आठवडे शौचासाठी पोटावर पिशवी ठेवावी लागते. आई-वडील पिशवी ऐकून खचतात. “ही तात्पुरती आहे, मुलाची शौचाची जागा वाचवण्यासाठीच आहे” हे ऑपरेशनच्या आधी सांगा, नंतर नाही. असं ऑपरेशन नियमित करणाऱ्या टीमकडेच रुग्ण पाठवा, नाशिकबाहेर जावं लागलं तरी.

खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. ठरलेल्या ऑपरेशनला आधी मंजुरी लागते.

नंतरचे दिवस आणि तो लांबलेला रिपोर्ट

दुसऱ्या दिवशी उठवा, चालवा, घोट-घोट पाणी, मग पातळ आहार. गॅस सुटायची वाट बघत उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत आता सोडलेली बरी. जोड गळण्याची भीती साधारण पहिल्या आठवड्यात. नाडी शंभरच्या वर राहू लागली, ताप आला, पोट फुगलं किंवा रुग्ण नुसता ‘बरं वाटत नाही’ म्हणाला, तर सीटी करा. नाडी तापाच्या आधी बोलते. लांबच्या पाड्यावरच्या रुग्णाला हा आठवडा संपेपर्यंत नाशिकजवळच ठेवा.

चरबीच्या गाठीचा रिपोर्ट लवकर येतो. कडक गाठींना वेळ लागतो, कारण त्यांच्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करावी लागते, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून ओळखावी लागतात. एस १०० पॉझिटिव्ह आणि सीडी ११७ व डॉग १ निगेटिव्ह असेल तर श्वानोमा. डेस्मिन आणि स्मूथ मसल अॅक्टिन पॉझिटिव्ह तर लायोमायोमा. सीडी ११७ किंवा डॉग १ पॉझिटिव्ह आला तर ती जिस्ट. तिला साधी म्हणून सोडून देता येत नाही, आकार आणि पेशींच्या विभाजनाचा वेग बघून गोळ्यांचा विचार होतो. ग्रॅन्युलर सेल ट्यूमरही एस १०० पॉझिटिव्ह असतो, पण त्याच्या दाणेदार पेशी पॅथॉलॉजिस्टला लगेच ओळखू येतात. हा रिपोर्ट येईपर्यंत ‘काही नाही, साधीच आहे’ असं घरच्यांना सांगू नका. ‘बहुतेक साधी आहे, पक्कं उत्तर रिपोर्टनंतर’ असं सांगा.

गँग्लिओन्युरोमा, म्हणजे नसांच्या पेशींची गाठ, एकटा-दुकटा असेल तर काढला की झालं. आतडंभर पसरलेले असतील तर रुग्णाच्या ओठ-जिभेवर बारीक गाठी आहेत का, अंगावर दुधी कॉफीच्या रंगाचे डाग आहेत का, थायरॉइड कसं आहे, हे तपासा. हे काही आनुवंशिक आजारांचं लक्षण असू शकतं, आणि त्यातल्या एकात थायरॉइडचा कॅन्सर फार लहान वयात होतो. मग भावंडांनाही बोलवावं लागतं.

पूर्ण काढलेल्या लायपोमाला वेगळ्या फेऱ्या नकोत, वयानुसार जी कोलोनोस्कोपी करायची ती करा. श्वानोमा आणि खोल लायोमायोमाला कडा मोकळ्या आहेत का, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत गाठ पोहोचलेली नाही ना, ते बघून एखादी फेरतपासणी ठेवा. डिस्चार्ज कार्डावर गाठीचं नाव, थर, आकार, कडा आणि पॅथॉलॉजीचा ब्लॉक नंबर लिहा. कॅसेटमधले मेणाचे ब्लॉक लॅबमध्ये असतात. दुसरं मत घ्यायचं ठरलं तर त्याच ब्लॉकमधून नव्या स्लाइड कापता येतात, म्हणून तो नंबर रुग्णाच्या फाइलच्या पहिल्या पानावरच असू द्या.